कीबोर्ड अचानक भलतंच टाइप करू लागला, तर नवा घेण्याआधी हे तपासा

मार्चअखेरची संध्याकाळ होती. पतसंस्थेत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबलं की चौकट पुढच्या खान्यात जातच नाही, सगळं पानच सरकतं. दोन तास झाले. साहेब म्हणतात, कीबोर्ड गेला, उद्या नवा आणा."

मी तिला विचारलं, "खिडकीच्या अगदी तळाशी जी पट्टी असते, तिच्या डाव्या बाजूला काय लिहिलंय?" ती थांबली, वाचलं आणि म्हणाली, "स्क्रोल लॉक." एक बटण दाबलं आणि काम सुरू झालं.

आठवड्याने पुन्हा तिचाच फोन, पुन्हा तेच. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी तिच्या टेबलाशी जाऊन बसले, तेव्हा कारण कळलं. ती रोज संध्याकाळी पडद्याचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवत होती, म्हणजे प्रिंट स्क्रीन दाबत होती. मोठ्या कीबोर्डवर वरच्या उजव्या बाजूला प्रिंट स्क्रीन, स्क्रोल लॉक आणि पॉझ ही तीन बटणं ओळीने असतात. घाईत बोट एक घर उजवीकडे पडायचं आणि लॉक लागायचं. त्या वेळी काहीच जाणवायचं नाही, कारण एक्सेल बंद करायची वेळ झालेली असायची. त्रास कधी एक्सेल पुन्हा उघडल्यावर, तर कधी दुसऱ्या दिवशी.

टायपिंगच्या वर्गात इतकी वर्षं मुलांना शिकवताना मला हे सारखं दिसतं. बटण दाबलं जातं एका वेळी आणि परिणाम दिसतो दुसऱ्या वेळी, म्हणून माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही आणि दोष कीबोर्डवर जातो. त्यातली मुख्य गोष्ट सांगते: लॉक लागलंय की नाही, कोणती भाषा निवडली आहे, कुठली सोय चालू आहे, हे सगळं संगणक लक्षात ठेवतो. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं ते कळवतो. त्यामुळे यातल्या बऱ्याच तक्रारी नवा कीबोर्ड जोडल्यावरही तशाच राहतात. सातशे-आठशे रुपये घालवून लोक पुन्हा त्याच जागी येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुढचं सगळं विंडोजबद्दल आहे.

सगळ्यात आधी पडद्यावरचा कीबोर्ड उघडा

विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबा. बटणंच चालत नसतील, तर माउसने स्टार्टमध्ये जाऊन ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधा. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येईल. आता कुठल्याही बटणाला हात न लावता त्याच्याकडे बघा. कॅप्स, स्क्रोल लॉक, शिफ्ट, कंट्रोल किंवा आल्ट यांपैकी काही रंगलेलं दिसतंय का? दिसत असेल, तर तुमचा चोर सापडला. त्यावर माउसने एकदा क्लिक करा. नंबर लॉक इथे दिसत नसेल, तर त्याच खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये आकड्यांचा भाग चालू करा, मग तेही दिसेल.

लॅपटॉपवर स्क्रोल लॉकचं बटण बऱ्याचदा नसतंच. तरीही लॉक लागू शकतं, उदाहरणार्थ बाहेरचा कीबोर्ड जोडून दाबलं आणि मग तो काढून ठेवला तर. अशा वेळी लॉक काढायला पडद्यावरचा कीबोर्डच कामी येतो.

स्क्रोल लॉक १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवरही होतं. माउस नव्हता, तेव्हा बाणांनी पडदा सरकवायला ते उपयोगी पडे. आज रोजच्या वापरातला त्याला जुमानणारा प्रोग्रॅम मुख्यतः एक्सेल.

एक्सेलमध्ये याच जातीची आणखी दोन बटणं आहेत आणि ती जास्त फसवतात. एफ ८ दाबलं की निवड वाढवण्याची अवस्था सुरू होते. मग बाण दाबा किंवा कुठेही क्लिक करा, पहिल्या खान्यापासून तिथपर्यंत सगळं निळं होत जातं. लोकांना वाटतं, माउसचं डावं बटण अडकलं. एस्केप दाबलं की सुटतं. दुसरं एंड. ते एकदा दाबून सोडलं आणि मग बाण दाबला, तर चौकट एकदम भरलेल्या मजकुराच्या टोकाला उडी मारते, रकाना रिकामा असेल तर थेट पानाच्या तळाला, १०,४८,५७६ व्या ओळीवर. "माझा सगळा डेटा उडाला" असं रडवेल्या आवाजात सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. डेटा वर जागच्या जागी असतो. कंट्रोल आणि होम एकत्र दाबा, सुरुवातीला याल. या तिन्ही अवस्था एक्सेल तळाच्या पट्टीवर लिहून दाखवतं, म्हणून ती पट्टी वाचायची सवय लावा.

अक्षरांच्या जागी आकडे

"कमल" इंग्रजीत लिहायला गेलं आणि के-एच्या जागी २ए असं काही उमटलं, तर ते नंबर लॉक आहे. छोट्या लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा भाग नसतो, म्हणून काही मॉडेलांत तो अक्षरांवरच बसवलेला असतो: यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६, जे, के, एल म्हणजे १, २, ३ आणि एम म्हणजे शून्य. बटणाच्या कोपऱ्यात ते आकडे बारीक छापलेले असतात. एफएनबरोबर नंबर लॉकचं बटण दाबून ते बंद होतं. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर शिफ्टबरोबर दाबावं लागतं.

बंद केल्यावरही पुन्हा पुन्हा होत असेल, तर बाहेरच्या कीबोर्डचा विचार करा. ऑफिसात मोठा कीबोर्ड जोडून त्याच्यावर नंबर लॉक लावलं, घरी जाताना तो काढला, तर लॅपटॉपवर ते लागलेलंच राहतं, कारण विंडोजच्या दृष्टीने नंबर लॉक सगळ्या कीबोर्डांचं मिळून एकच असतं. काढण्याआधी बंद करा.

याच्या उलट तक्रार सकाळी येते: "पिन बरोबर आहे, तरी घेत नाही." उजवीकडच्या आकड्यांच्या भागातून पिन टाइप करत असाल आणि नंबर लॉक बंद असेल, तर ७ म्हणजे होम, १ म्हणजे एंड, ८ म्हणजे वरचा बाण. आकडा उमटतच नाही. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाइप करून बघा. पासवर्ड असेल, तर चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर दाबून काय उमटतंय ते डोळ्यांनी वाचा. कॅप्स लॉक आहे की भाषा बदलली आहे, ते लगेच कळेल.

कॅप्स लॉकचीही एक चमत्कारिक अडचण आहे. काहींच्या संगणकावर ते लागतं, पण तेच बटण पुन्हा दाबून निघत नाही, शिफ्ट दाबल्यावर निघतं. हा बिघाड नाही. भाषा बदलण्याच्या बटणांची जी खिडकी असते, तिच्यात कॅप्स लॉक कशाने काढायचं याचे दोन पर्याय असतात आणि तिथे कुणीतरी शिफ्ट निवडलेलं असतं. तिथेच बदलून घ्या. त्या खिडकीची वाट पुढे सांगते.

बटणं दाबून धरल्याशिवाय चालत नाहीत, किंवा शिफ्ट लागलेलंच राहतं

यावर जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त चांगले कीबोर्ड याच कारणाने टाकून दिले जातात असं माझं मत झालं आहे.

उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं, तर विंडोज फिल्टर कीज नावाची सोय चालू करायची का, असं विचारतं. कोणतंही शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं, तर स्टिकी कीजबद्दल विचारतं. नंबर लॉक पाच सेकंद धरलं, तर टॉगल कीज, म्हणजे लॉकची बटणं दाबताना आवाज करणारी सोय. या सोयी हाताच्या हालचालीत अडचण असलेल्यांसाठी किंवा डोळ्यांनी दिवे न दिसणाऱ्यांसाठी केलेल्या आहेत आणि त्यांची खरी गरज आहे. माझ्या वर्गात एका हाताने टाइप करणारा एक मुलगा होता, स्टिकी कीजमुळेच त्याला शिफ्ट आणि अक्षर एकामागून एक दाबता यायचं. म्हणून सार्वजनिक संगणकावर त्या बंद करताना आधी विचारून घ्या.

अडचण अशी होते. माणूस वाक्य आठवत बसतो, उजवी करंगळी शिफ्टवर टेकलेली असते. आठ सेकंद होतात, प्रश्नाची चौकट येते. नजर समोरच्या कागदावर असते, वाक्य आठवतं, हात सुरू होतो आणि पहिलंच स्पेस किंवा एंटर त्या चौकटीतल्या "होय"वर पडतं. आपण हो म्हटलं हे आपल्याला कळतही नाही. मग फिल्टर कीज चालू होते आणि झटकन दाबलेली बटणं संगणक चुकून दाबली गेली असं समजून सोडून देतो. बटण क्षणभर दाबून धरलं तरच अक्षर उमटतं. वेगाने टाइप करणाऱ्याला कीबोर्ड मेलाच असं वाटतं, आणि एका बोटाने सावकाश टाइप करणारे शेजारचे काका म्हणतात, "चालतोय की!" या दोन्ही गोष्टी एकदम ऐकू आल्या की फिल्टर कीज समजा. घड्याळाजवळ स्टॉपवॉचची छोटी खूणही दिसते.

स्टिकी कीज चालू असली, की शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला चिकटतं, आणि दोनदा दाबलं तर लागूनच राहतं. मग कॅप्स लॉकचा दिवा बंद असतानाही सगळं मोठ्या लिपीत येतं. मुलं म्हणतात, "मॅडम, आपोआप होतं आणि आपोआप जातं." आपोआप जातं, कारण दोन बटणं एकत्र दाबली की ही सोय बंद व्हावी अशी व्यवस्था त्यात मुळातच चालू असते. कंट्रोल आणि सी दाबलं की गेली. पुन्हा पाच वेळा शिफ्ट, पुन्हा आली.

कायमचा उपाय सेटिंग्जमध्ये आहे. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड. विंडोज १० मध्ये ईज ऑफ ॲक्सेस, मग कीबोर्ड. तिथे स्टिकी, फिल्टर, टॉगल या प्रत्येकाची सोय बंद करा आणि त्याच्याच खाली बटणांनी चालू करण्याची जी परवानगी असते तीही काढा. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात, आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

चिन्हं बदलली, अवतरण उमटत नाही, मधेच देवनागरी येते

शिफ्ट आणि २ दाबल्यावर ईमेलमधलं ॲट येण्याऐवजी अवतरणचिन्ह आलं आणि अवतरणाच्या जागी ॲट, तर ब्रिटिश इंग्रजीची मांडणी (कुठल्या बटणाने कोणतं अक्षर उमटायचं, याचा नकाशा) लागली आहे. खात्री करायची असेल, तर शिफ्ट आणि ३ दाबा, पौंडाची खूण येईल. अवतरणचिन्ह दाबल्यावर काहीच उमटत नाही आणि पुढचं अक्षर दाबल्यावर दोन्ही एकदम येतात, किंवा ए दाबल्यावर त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ येते, तर ती युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल मांडणी. अवतरणानंतर स्पेस दाबलं की ते उमटतं, पण रोज असं कोण करणार?

या मांडण्या बटणांनी बदलतात. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं, तर पुढची मांडणी. डावं आल्ट आणि शिफ्ट दाबलं, तर पुढची भाषा. मराठीत लिहिणाऱ्यांच्या संगणकावर दोन-तीन मांडण्या असतातच, म्हणून हा त्रास आपल्याला जास्त. घड्याळाजवळ भाषेची खूण असते ती बघा. नको असलेली मांडणी काढायला सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, त्या भाषेसमोरच्या तीन टिंबांवर लँग्वेज ऑप्शन्स, आणि तिथून मांडणी काढून टाका. तुम्हाला मराठीची एक आणि इंग्रजीची एक एवढं पुरतं.

त्याच टाइम अँड लँग्वेजमध्ये टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आहे. तिथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय निवडा. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी राहिली, की निम्मी धावपळ थांबते. भाषा बदलण्याच्या बटणांची खिडकीही तिथूनच उघडते. आल्ट-शिफ्ट तिथे बंद करता येतं आणि वर सांगितलेला कॅप्स लॉकचा पर्यायही तिथेच आहे.

रुपयाच्या खुणेबद्दल खूप जण विचारतात. भारत सरकारने ती जुलै २०१० मध्ये स्वीकारली आणि आता अनेक कीबोर्डांच्या ४ वर छापलेली असते, पण दाबून येत नाही. छापील खूण काही करत नाही, मांडणी करते. इंग्रजी भारत ही मांडणी निवडा आणि उजवं आल्ट धरून ४ दाबा. डावं आल्ट चालणार नाही. उजवं आणि डावं आल्ट दिसायला जुळी असली, तरी अशा मांडण्यांत त्यांची कामं वेगळी असतात.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या मांडणीत लिहिणाऱ्यांसाठी शिफ्टची एक गोष्ट. "डोंगर-दऱ्या" लिहिताना तुमच्या हातून "डोंगर-दर्या" होत असेल, तर साधा र वापरला जातोय. इंग्रजी जे या बटणावर साधा र आहे, आणि शिफ्ट धरून जे दाबलं की चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र साठीचा ऱ येतो. त्याला डी या बटणाने हलन्त द्या, म्हणजे पाय मोडा, आणि पुढे या लिहा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यांतही तेवढंच अंतर आहे. प्रूफ तपासताना हे मला फार टोचतं.

खोडण्याच्या बटणांचाही मराठीत वेगळा अनुभव येतो. "स्त्री" लिहून बॅकस्पेस दाबलं, तर बहुतेक ठिकाणी आधी फक्त वेलांटी जाते, मग र, मग हलन्त, अशी एकेक पायरी उतरते. शब्दाच्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं, तर पूर्ण जोडाक्षर एका फटक्यात जातं. नुसती मात्रा चुकली असेल, तर अक्षर संपतं तिथे कर्सर ठेवून बॅकस्पेस वापरा, डिलीट नको.

टायपिंग करताना पुढचा मजकूर खाल्ला जातो

हे इन्सर्ट. नव्या वर्डमध्ये ते मुळात बंद ठेवलेलं असतं. चालू असेल, तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इन्सर्टने ओव्हरटाइप बदलण्याची परवानगी काढा. लिबर ऑफिसमध्ये इन्सर्ट पुन्हा एकदा दाबा. हे बटण बॅकस्पेसच्या किंवा डिलीटच्या शेजारी असतं, म्हणून पुन्हा पुन्हा लागतं.

टॅलीत एफ ५ दाबलं आणि उजेड बदलला

हिशेबाचं काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. टॅलीत एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ म्हणजे रिसीट, एफ ८ म्हणजे सेल्स, एफ ९ म्हणजे पर्चेस. नव्या लॅपटॉपवर मात्र वरच्या ओळीला आवाज, उजेड, माइक ही कामं आधी दिलेली असतात आणि एफ ५ साठी एफएन धरावं लागतं. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्याने प्रत्येक वेळी दोन बटणं का दाबायची? एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असतं, ते हेच. एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपवर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, ॲक्शन कीज या नावाने सापडतं: सुरू होताना एफ १० दाबा, सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन बंद करा, जतन करा.

विंडोजचं बटणच चालत नसेल आणि कीबोर्ड गेमिंगचा असेल, तर एफएन आणि विंडोज एकत्र दाबून बघा. खेळताना मधेच स्टार्ट उघडू नये म्हणून त्या बटणाला कुलूप लावायची सोय असते.

तरीही ए दाबल्यावर सगळा मजकूर निवडला जातो

म्हणजे कंट्रोल दाबलेलं आहे असं संगणकाला वाटतंय. माउसचं चाक फिरवलं की पान लहान-मोठं होत असेल, तर नक्कीच. दूरच्या संगणकावर रिमोटने काम करणाऱ्यांना हे वारंवार होतं: बटण एका खिडकीत दाबलं जातं आणि सोडलं जातं दुसरीत. डावं आणि उजवं कंट्रोल, दोन्ही आल्ट, दोन्ही शिफ्ट आणि विंडोज एकेकदा हलकेच दाबून सोडा. बहुतेक वेळा सुटतं.

सुटलं नाही, तर खरा बिघाड शोधायची वेळ आली. संगणक बंद करून बायोसमध्ये जा. तिथे विंडोज नसतं, त्याच्या सोयी नसतात, भाषा नसतात. तिथेही तेच बटण आपोआप दाबलं जात असेल, किंवा चालतच नसेल, तर दोष वस्तूतच आहे. तिथे सगळं नीट असेल, तर विंडोजमध्ये परत या आणि पडद्यावरच्या कीबोर्डपासून पुन्हा सुरुवात करा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बटणांखाली ओल आणि धूळ मिळून चिकट थर बसतो. टेबलावरचा बाहेरचा कीबोर्ड असेल, तर सुटा करा, उलटा धरून हलकेच झटका, मऊ ब्रशने साफ करा आणि एक दिवस कोरड्या जागी ठेवा. चहा सांडला असेल, तर साखर सुकून बटण पुन्हा पुन्हा अडकतं, तेव्हा बटणाची टोपी काढून आतून पुसावं लागतं. लॅपटॉपवर मात्र हे घरी करू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. कुठलं बटण, कधीपासून आणि बायोसमध्ये काय दिसलं, हे त्याला आधी सांगा.